खुब्याचा सांधा काढून टाकल्यावर घरी कसं राहायचं: पलंगापासून जिन्यापर्यंत, क्रमाने

खुबा बदलण्याचं ऑपरेशन झालं, आत इन्फेक्शन झालं, दोन-तीनदा धुवून झालं, शेवटी डॉक्टरांनी आतलं सगळं मेटल आणि सिमेंट काढलं आणि पुन्हा काही बसवलं नाही. डिस्चार्ज पेपरवर ‘गर्डलस्टोन’ किंवा ‘रिसेक्शन आर्थ्रोप्लास्टी’ लिहिलेलं असतं आणि घरचे विचारतात की आता सांधाच नाही तर माणूस उभा कसा राहणार. राहतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा नसतो, कमरेची वाटी रिकामी असते, आणि मधल्या जागेत हळूहळू जाड चिवट व्रण तयार होतो ज्यावर पाय टेकतो. पाय आखूड होतो, बहुतेकांचा २ ते ५ सेंटिमीटर, काहींचा त्याहून जास्त. चाल लंगडी होते आणि थोडं चाललं तरी दम लागतो, कारण कमरेच्या बाजूचे स्नायू ज्या आधारावर ओढ घेतात तो आधारच गेलेला असतो.

आमच्या आत्या अशाच राहतात आणि त्यांच्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांतून फोन येतात, त्यात चुका ठरलेल्याच दिसतात. कामं उलट्या क्रमाने होतात. घर तयार नसताना पेशंट घरी येतो, पाय स्थिर व्हायच्या आत महागडे बूट करून होतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक ‘अजून काठी सुटली नाही का’ असं विचारून माणसाला नको ती घाई करायला लावतो. काठी सुटणं हे या ऑपरेशनचं माप नाही हे आधी घरात सगळ्यांना सांगून टाका. इन्फेक्शन बंद झालं, दुखणं कमी झालं आणि माणूस स्वतःचा स्वतः संडासला जाऊ लागला की ऑपरेशनने आपलं काम केलं. बहुतेकांना काठी, कुबडी किंवा वॉकर कायमचा लागतो.

पायावर वजन किती टाकायचं आणि कधीपासून हे फक्त तुमचा सर्जन ठरवणार, कारण आत हाड किती उरलंय हे त्यांनी बघितलेलं असतं. खालचं सगळं त्या मर्यादेत राहून करायचं.

## टप्पा १: डिस्चार्जच्या आधी नक्की काय झालंय ते विचारून घ्या

हा टप्पा सगळेच गाळतात आणि पुढचा निम्मा गोंधळ इथूनच येतो.

पहिला प्रश्न असा की आत स्पेसर आहे की जागा पूर्ण रिकामी आहे? स्पेसर म्हणजे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा. इन्फेक्शन गेलं की तो काढून पुन्हा नवा खुबा बसवायचा असा बेत असतो. जागा रिकामी असेल तर ती तशीच कायमची ठेवणार की पुढे-मागे बसवायचा विचार आहे, हेही विचारा. दोन्हीचे नियम वेगळे आहेत. स्पेसर निखळू शकतो, मोडू शकतो, म्हणून त्याला खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या खुर्चीत बसायचं नाही ही सगळी पथ्यं लागतात. जागा पूर्ण रिकामी असेल तर निखळायला आत गोळाच नसतो, त्यामुळे ती पथ्यं साधारण तितकी कडक नसतात आणि खुर्चीत बसणं तर बऱ्याच जणांना बरं जमतं. पण घरचे पहिल्या ऑपरेशनच्या वेळचा छापील कागद काढतात, माणसाला महिनोन्महिने लाकडासारखं ताठ ठेवतात आणि पाय आखडून जातो.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरंही तिथेच लिहून घ्या:

- पायावर वजन किती? अजिबात नाही, नुसतं पाऊल टेकवायचं, अर्धं, की सोसेल तेवढं? आणि हे कधी बदलणार?
- कल्चर रिपोर्टमध्ये कुठला जंतू आला? रिपोर्टची कॉपी मागून घ्याच.
- अँटिबायोटिक कुठलं, शिरेतून किती दिवस, गोळ्या किती दिवस?
- रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळी किती दिवस?
- टाके कधी काढायचे, ड्रेसिंग कोण करणार?
- रात्री-अपरात्री काही झालं तर नेमका कुठल्या नंबरवर फोन करायचा?

शिरेतून अँटिबायोटिक बऱ्याचदा सहा आठवड्यांच्या आसपास चालतं आणि त्यासाठी दंडातून लांब नळी टाकून घरी पाठवतात. त्या नळीचं ड्रेसिंग शिकलेल्या नर्सकडूनच करायचं. अंघोळीच्या वेळी तो हात प्लॅस्टिक गुंडाळून कोरडा ठेवायचा.

तपासा: औषधाप्रमाणे रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या असतात. व्हॅन्कोमायसिन असेल तर किडनीसाठी क्रिएटिनिन, लिनेझोलिड असेल तर दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, कारण त्याने प्लेटलेट उतरू शकतात. डिस्चार्ज पेपरवर या तारखा नसतील तर तिथेच लिहून मागा. रिफॅम्पिसिन असेल तर लघवी केशरी-लाल होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो, त्या भीतीने गोळी बंद करू नका.

## टप्पा २: पेशंट यायच्या आधी घर तयार करा

हे काम डिस्चार्जच्या दिवशी नको, दोन-तीन दिवस आधी. सुरुवात टेपने करा. वॉकर विकत घेण्याआधी बाथरूमच्या दरवाजाची रुंदी मोजा. जुन्या चाळीत आणि फ्लॅटमध्ये तो दोन फुटांच्या आसपास किंवा कमीच असतो, वॉकर त्यातून सरळ जात नाही, मग माणूस वॉकर बाहेर सोडून भिंतीला धरून आत जातो आणि नेमका तिथेच पडतो.

पलंग. काठावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत आणि गुडघे खुब्यापेक्षा वर यायला नकोत. पलंग बुटका असेल तर पायांखाली खोबण केलेले लाकडी ठोकळे घाला, नुसत्या विटा नकोत, त्या सरकतात. जमिनीवरची गादी आता बंद. पलंग असा लावा की उतरताना चांगला पाय आधी बाहेर येईल.

संडास. भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायचं भोक असलेलं स्टूल मिळतं, पण प्लॅस्टिकचं हलकं घेऊ नका, लोखंडी हातांची कमोड खुर्ची घ्या आणि पायांना रबरी बुचं आहेत का बघा. कमोड असेल तर सीट उंच करायचा रेझर बसवा. भिंतीला धरायचा स्टीलचा बार फिशर आणि स्क्रू मारूनच लावायचा. रबरी व्हॅक्यूमवाले बार टाइल ओली झाली की सुटतात. आणि टॉवेलचा रॉड हा टॉवेलसाठीच असतो हो, माणसाच्या वजनाला तो भिंतीतून उपटून येतो.

अंघोळ. खुर्चीत बसूनच. पाट नको. बादली जमिनीवर ठेवली तर प्रत्येक मगाला खाली वाकावं लागतं, म्हणून बादली दुसऱ्या स्टुलावर गुडघ्याच्या उंचीला ठेवा. फरशी बाहेर पडायच्या आधी कोरडी करायची, आणि ती दुसऱ्याने करायची.

बाकीचं घर. पायपुसणी, सतरंज्या, दारातल्या चपलांचा ढीग, चार्जरच्या वायरी उचला. उंबरठ्यावर रंगीत टेप चिकटवा म्हणजे रात्री दिसतो. पलंग ते संडास या वाटेवर रात्री छोटा दिवा चालू ठेवा. लहान पोरं आणि कुत्रं-मांजर असेल तर पहिले काही आठवडे त्या वाटेवर त्यांना अडवायची जबाबदारी एकाने घ्यायची.

तपासा: घरातल्या धडधाकट माणसाने वॉकर घेऊन, एक पाय अधांतरी ठेवून पलंग ते संडास आणि परत असा फेरा मारून बघा. जिथे तो अडतो तिथे पेशंट पडणार.

## टप्पा ३: पहिले आठवडे पलंगावर

काही सर्जन सुरुवातीला पायाला वजन लावून ओढ देतात ज्याला ट्रॅक्शन म्हणतात, काही देत नाहीत आणि लवकर उठवतात. ट्रॅक्शन असेल तर दिवसातून चार-पाच वेळा बोटं हलवून बघायची, पावलाचा रंग आणि ऊब बघायची. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टोक लागतं त्याच्यावर पट्टी घट्ट बसू देऊ नका. तिथून जाणारी नस दाबली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. पाऊल लोंबतंय असं वाटलं तर सकाळची वाट न बघता कळवा.

पाय आपोआप बाहेरच्या बाजूला वळून पडतो. मांडीच्या बाहेरून चादरीची घट्ट गुंडाळी लावून तो बोटं छताकडे येतील असा ठेवा. गुडघ्याखाली मात्र उशी घालू नका. बरं वाटतं म्हणून सगळे घालतात, पण त्याने खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि आधीच आखूड असलेला पाय उभं राहिल्यावर आणखी आखूड भासतो. टाच मात्र अधांतरी हवी, म्हणून पोटरीखाली पातळ घडी चालेल. टाच आणि माकडहाड रोज उघडून बघा, लालसर डाग दाबून पांढरा होत नसेल तर ती बेडसोरची सुरुवात आहे.

व्यायाम या क्रमाने:

1. पावलं वर-खाली, जागेपणी दर तासाला. रक्त साकळू नये म्हणून.
2. गुडघा पलंगावर दाबून मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायची.
3. ढुंगण आवळून धरायचं, सोडायचं.
4. टाच गादीवरून घासत आपल्याकडे ओढायची आणि परत सरळ. पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की सोपं जातं.
5. पाय गादीवरच बाजूला सरकवायचा आणि आत आणायचा.
6. जखम भरल्यावर आणि सर्जनने हो म्हटल्यावर रोज पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी व्यायाम.

सावध: पाय सरळ ठेवून उचलायचा हट्ट नको. सांधा नसल्यामुळे त्या हालचालीला आधार मिळत नाही, बऱ्याच जणांना तो कधीच नीट जमत नाही. ‘पाय उचलता येत नाही म्हणजे ऑपरेशन फसलं’ असं समजून रडारड झालेली मी बघितली आहे. पलंगावर चढताना आखूड पाय चांगल्या पायाने खालून उचलायचा किंवा ओढणीचा फास पावलाला घालून हाताने वर घ्यायचा, झालं काम.

खाण्यात प्रोटीन वाढवा, म्हणजे दोन्ही वेळा डाळ-उसळ, अंडी, दही, पनीर, चालत असेल तर मासे-चिकन. नुसत्या तांदळाच्या पेजेवर जखम भरत नाही. शुगर असेल तर ती आटोक्यात आणणं हे अँटिबायोटिकइतकंच महत्त्वाचं, आणि तंबाखू म्हणजे सिगारेटच नाही तर मिश्री आणि गाय छापसुद्धा बंद.

## टप्पा ४: उभं राहणं आणि चालणं

पहिल्यांदा उठवताना आधी पलंगाच्या काठावर पाय सोडून पाच मिनिटं बसवा. बरेच दिवस आडवं राहिल्यावर बीपी उतरतं, चक्कर येते. मग उठायचं ते पलंगावर हात दाबून उठायचं, वॉकरला लटकून नाही, तो उलटतो. मदत करणाऱ्याने काखेत हात घालून उचलायचं नाही, कमरेला जाड पट्टा बांधून तो मागून धरायचा आणि नेहमी आखूड पायाच्या बाजूला उभं राहायचं.

वॉकरची उंची अशी की बूट-चप्पल घालून सरळ उभं राहिल्यावर हँडल मनगटाच्या घडीशी यावं, धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं असावं. काठी आणि कुबडीच्या हँडलचंही हेच माप. काखेतल्या कुबड्या असतील तर वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटं खाली हवी आणि वजन तळहातावर हवं, काखेत रेललं की नस दबून हाताला मुंग्या येतात.

चालण्याचा क्रम: वॉकर पुढे, मग आखूड पाय, मग हातांवर भार देऊन चांगला पाय. चांगला पाय सुरुवातीला दुसऱ्याच्या बरोबरीलाच आणायचा, पुढे टाकायचा नाही. वळताना चांगल्या पायावर गर्रकन फिरायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं.

वजन टाकलं की मांडीचं हाड आत थोडं वर सरकल्यासारखं वाटतं, कधी कट् आवाज येतो. सुरुवातीचे महिने हे होतं, व्रण घट्ट होत जातो तसं कमी होतं. सुधारणा सहा महिने ते वर्षभर सुरू राहते, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात निकाल लावू नका. पण आवाजाबरोबर जोरात कळ आली आणि नंतर वजनच टाकता येईना असं झालं तर एक्स-रे.

वॉकरवरून पुढे जायचा क्रम म्हणजे वॉकर, मग कोपराच्या दोन कुबड्या, मग जमलं तर एक काठी. काठी विरुद्ध हातात, म्हणजे डावा खुबा गेला असेल तर उजव्या हातात. जवळजवळ प्रत्येक जण दुखऱ्या बाजूला धरतो आणि दुखऱ्या बाजूला आणखी कलतो.

तपासा: दोन कुबड्यांवरून एक काठीवर जायचं का हे कसं ठरवायचं? घरात एक फेरी मारा आणि समोरच्याला बघायला सांगा. धड प्रत्येक पावलाला जोरात बाजूला झोकतंय किंवा संध्याकाळी कंबर आणि चांगला गुडघा दुखतोय तर दोन कुबड्यांवरच राहा. इथे कमीपणा कसला? पुढची वीस वर्षं सगळा भार त्याच चांगल्या पायाला उचलायचाय.

काठी-कुबडीच्या टोकाचं रबर दर महिन्याला उलटं करून बघा. खाचा झिजून गुळगुळीत झालं की बदला, मेडिकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतं आणि पावसाळ्यात जिवावरची गोष्ट आहे.

## टप्पा ५: उंच तळाची चप्पल, इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

आधी थांबा. पाय पहिल्या काही महिन्यांत आणखी आखूड होऊ शकतो, त्यामुळे पक्की चप्पल लगेच करायची नाही. चालायला लागल्यावर साध्या जुन्या सँडलला तात्पुरता तळ चिकटवून घ्या, पक्की जोडी सर्जन आणि फिजिओ म्हणाले की फरक आता स्थिर झाला, मगच.

माप टेपने घेऊन भागत नाही. झोपवून घेतलेलं माप हे हाडाचं माप असतं, चालणाऱ्या माणसाचं नाही. योग्य पद्धत अशी: वॉकर किंवा ओट्याला धरून अनवाणी उभं करा. आखूड पावलाखाली अर्धा-अर्धा सेंटिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या एकावर एक ठेवत जा. मागे बसलेल्याने दोन्ही अंगठे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर ठेवायचे. अंगठे एका रेषेत आले की पट्ट्या मोजा. मग त्यातून एक-दोन पट्ट्या काढा आणि पेशंटला विचारा, कुठे बरं वाटतं? आत्यांनी तीन वेळा पट्ट्या काढायला आणि घालायला लावल्या आणि शेवटी ज्या उंचीला खांदे सैल सोडून ‘हां’ म्हणाल्या ती उंची पूर्ण मापापेक्षा सेंटिमीटरभर कमी होती.

ते तसंच असायला हवं. तळ फरकापेक्षा साधारण १ ते १.५ सेंटिमीटर कमी ठेवतात कारण पाय पुढे टाकताना जमिनीवरून सुटायला जागा लागते. सांधा नसलेला पाय उचलला जात नाही, झोका देऊन पुढे येतो. पूर्ण उंचीचा तळ लावला की तो प्रत्येक उंबरठ्याला अडकतो. आत्यांची पहिली चप्पल चपलावाल्याने डिस्चार्ज पेपरवरचा आकडा बघून बरोब्बर तेवढीच केली होती आणि स्वयंपाकघराच्या दारात रोज ठेच लागायची.

करून घेताना हे सांगा:

- १ सेंटिमीटरपर्यंतची उंची बुटाच्या आत सोलने भागते, त्याहून जास्त लागत असेल तर बाहेरून तळाला.
- तळ पूर्ण पावलाखाली हवा. नुसती टाच उंच केली तर पाऊल पुढे घसरतं आणि पोटरी आखडते.
- बोटांकडे तळ थोडा पातळ आणि पुढून किंचित वर गोलावलेला हवा, म्हणजे पाऊल टाकताना अडत नाही.
- मटेरियल हलकं हवं, एमसीआर (हलकं सच्छिद्र रबर) किंवा ईव्हीए (फोम) शीट. टायरचं रबर टिकतं पण जड, दिवसाअखेर मांडी भरून येते.
- मागे पट्टा हवाच. अंगठ्याची सपाता चप्पल आता नाही.
- दुसऱ्या पायातली जोडीची चप्पल तीच हवी, वेगळी घातली की हिशेब बिघडला.

सरकारी हॉस्पिटलांमध्ये जिथे कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवायचा विभाग असतो तिथे हे नीट करून मिळतं. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत असा विभाग आहे. गावातल्या चपलावाल्याकडून करायचं असेल तर प्लायच्या पट्ट्यांचा तो थरच बरोबर न्या, आकडा सांगू नका.

सावध: आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत, आणि दिवसाचे बहुतेक तास माणूस घरातच असतो. म्हणजे हजारो रुपयांची चप्पल दारात आणि माणूस आत लंगडत फिरतोय, कंबर दुखतेय. त्यामुळे दोन जोड्या करा, एक फक्त घरातली, धुता येईल अशी, स्वयंपाकघरातसुद्धा चालेल असं घरात आधीच बोलून ठेवा. देवघराचा प्रश्न असेल तर तिथे खुर्ची ठेवा, बसून चप्पल काढता येते.

## टप्पा ६: जिना, रिक्षा, ओटा

जिना. चढताना चांगला पाय आधी, मग आखूड पाय आणि काठी. उतरताना काठी आणि आखूड पाय आधी, मग चांगला. एक हात कायम कठड्यावर, आणि एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची पायरी नाही. सोबतीचा माणूस चढताना मागे, उतरताना एक पायरी खाली पुढे.

रिक्षा आणि कार. पाय आधी आत टाकायचा नाही. पाठ करायची, सीट पायाच्या मागे लागली की हात टेकून ढुंगण आधी ठेवायचं, मागे सरकायचं, मग एकेक पाय हाताने आत घ्यायचा. कारच्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली तर वळणं सोपं होतं, निघताना ती काढून टाका. रिक्षावाल्याला आधीच सांगा की फुटपाथच्या कडेला लावा म्हणजे चढायची उंची कमी होते. टू-व्हीलरच्या मागे बसणं टाळा.

ओटा. उभ्याने पोळ्या लाटत राहण्यापेक्षा उंच स्टूल घ्या आणि त्यावर अर्धवट टेकून काम करा. वॉकरवर चहाचा कप नेता येत नाही, त्यासाठी थर्मास आणि खांद्याला अडकवायची कापडी पिशवी. वॉकरच्या पुढच्या दांडीला जड पिशवी लटकवली तर तो पुढे कलंडतो.

पडल्यास हात ओढून उठवू नका. आधी दोन मिनिटं तसंच पडून राहू द्या आणि बघा की पाय आधीपेक्षा जास्त आखूड दिसतोय का, जास्त वळलाय का, हलवताना असह्य दुखतंय का. यातलं काही असेल तर हलवायचं नाही, १०८ ला फोन. नसेल तर चांगल्या कुशीवर वळून, कोपरावर, मग दोन्ही गुडघ्यांवर यायचं, समोर जड खुर्ची धरायची, चांगलं पाऊल पुढे टेकून उठायचं आणि मागून दुसरी खुर्ची सरकवून लगेच बसवायचं. घरातल्या दोघांनी हे बरं असतानाच एकदा करून बघा.

## टप्पा ७: इन्फेक्शनवर नजर

मेटल काढलं म्हणजे इन्फेक्शन संपलं असं नसतं. रोज जखम बघायची, आणि भरल्यावरही आठवड्यातून एकदा. व्रणाच्या जागी फोडासारखं वर येऊन पाणी किंवा पू येणं, ताप, नव्याने सुरू झालेली रात्रीची ठणक, आजूबाजूला लाली आणि गरमपणा, यातलं एकही असेल तर सर्जनकडे.

इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे गल्लीतल्या मेडिकलमधून उरलेलं अँटिबायोटिक आणून चार दिवस देणं. ताप उतरतो, पू थांबतो, आणि नंतर कल्चरला पाठवलं की त्यात काहीच उगवत नाही, मग डॉक्टर आंधळेपणाने औषध निवडणार. आधी सॅम्पल, मग गोळी.

सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, त्यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. एकट्या आकड्याला फार अर्थ नसतो, तो उतरतोय की चढतोय ते बघतात. सीआरपी ऑपरेशननंतर लवकर उतरतो, ईएसआर बरेच आठवडे वरच राहू शकतो, त्याने घाबरून जाऊ नका.

लगेच हॉस्पिटल: एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं, किंवा छातीत दुखून धाप लागणं. ही रक्ताची गुठळी असू शकते, मालिश अजिबात करायची नाही.

## टप्पा ८: कागदपत्रं

फार लांबवत नाही. दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डासमोर तपासणी. ऑपरेशनच्या नोट्स, काढल्यानंतरचा एक्स-रे आणि डिस्चार्ज पेपर न्या, नुसतं प्रिस्क्रिप्शन पुरत नाही. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. नवा खुबा बसवायचा बेत अजून चालू असेल तर बोर्ड तात्पुरतं सर्टिफिकेट देऊ शकतं, म्हणून कायमचं हवं असेल तर सर्जनकडून तसं लिहून आणा. कार्ड आल्यावर एसटीची सवलत, लोकलचा दिव्यांग डबा, रेल्वेच्या सवलतीचा वेगळा फॉर्म, आणि उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजना, या क्रमाने बघा.

## टप्पा ९: वर्षभरानंतर

आता लक्ष दुसऱ्या पायाकडे. चांगला गुडघा, कंबर, आणि काठी धरणारं मनगट हे तिघं पुढे कुरकुर करणार. वजन वाढू देऊ नका, काठीचं हँडल बारीक असेल तर जाड रुंद हँडलची घ्या, आणि लांबच्या कामाला व्हीलचेअर वापरा. लग्नाच्या हॉलमध्ये, यात्रेला, एअरपोर्टवर व्हीलचेअर घेतलेला माणूस संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच्या पायाने फिरतो, आणि न घेतलेला दोन दिवस पडून राहतो. हळदीकुंकू, सत्यनारायण असेल तिथे फोन करून खुर्ची आहे का विचारा, नाहीतर घडीची न्या.

पुन्हा खुबा बसवायचा का हा प्रश्न कधीतरी येतोच. सर्जनला चार गोष्टी विचारा: इन्फेक्शन गेलंय हे कशावरून म्हणता, सुईने पाणी काढून तपासणार का आणि त्याआधी अँटिबायोटिक किती दिवस बंद ठेवायचं, कमरेच्या बाजूचे स्नायू कितपत उरलेत, आणि परत इन्फेक्शन झालं तर पुढे काय? दुखणं सोसण्याइतकं आहे आणि घरातले व्यवहार चाललेत असं असेल तर ‘नको’ हेही उत्तर चालतं. दुसऱ्या एका सर्जनचं मत घ्यायला जाताना सगळे एक्स-रे, दोन्ही ऑपरेशनच्या नोट्स आणि तो कल्चर रिपोर्ट बरोबर न्या, त्याच्याशिवाय ते फार काही सांगू शकणार नाहीत.